ही वही कुठे जमा करू?

प्रति,
माननीय कुलगुरू,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी



माझ्याकडे एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, पाठीला कापडी पट्टी, कोपरे कसरीने खाल्लेले. शेतकी खात्यात नोकरीला असताना एका तालुक्याच्या गावी रद्दीवाल्याच्या काट्यावर ती दिसली. त्याने ती वजनावर दिली, वर एक जुने पंचांग फुकट दिले. वही कुठल्याशा सरकारी शेतावरची रोजनिशी आहे, साल १९२०च्या पुढचे. तारीख, हवा, पाऊस, कोणत्या तुकड्यात कोणते काम, किती बैलजोड्या, किती गडी, किती बाया, असे रकाने. अक्षर बारीक, इंग्रजी कारकुनी वळणाचे. पाऊस इंच आणि सेंटांत. एका पानाच्या समासात मोडीत दोन ओळी आहेत, त्या मला वाचता येत नाहीत.

एके ठिकाणी ओळीने आठ दिवस पावसाच्या रकान्यात शून्ये आहेत. नवव्या दिवशी १४ सेंट, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम साडेतीन मिलिमीटर. त्या आकड्याखाली लिहिणाऱ्याने रेघ दोनदा ओढली आहे. ही दुसरी रेघ मी कितीतरी वेळा पाहिली असेल. सरकारी रोजनिशीत हायसे वाटल्याची नोंद करायला रकाना नसतो, तेव्हा बिचाऱ्याने रेघेवर भागवले.

पहिली चार पाने फाटलेली असल्यामुळे वही कोणत्या शेतावरची हे कळत नाही, आणि म्हणून ती परत कुणाला करावी तेही कळत नाही. निवृत्त झाल्यावर कपाट आवरताना ती पुन्हा हाती आली, तेव्हा वाटले की सरकारी शेतांच्या या घराण्याच्या थोरल्या घरी पत्र लिहावे. ते घर म्हणजे पुण्याचे कृषी महाविद्यालय. आज ते आपल्या विद्यापीठाचे घटक महाविद्यालय आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे. यात तक्रार नाही. त्या महाविद्यालयाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांच्या कागदांविषयी एक मागणे आहे, आणि ते नीट मांडायचे तर थोडे मागे जावे लागेल.

हे महाविद्यालय दुष्काळांच्या पोटी जन्मले. १८७६ ते ७८चा दुष्काळ दख्खनला पिळून गेला आणि १८७९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, शेतकीचा वर्ग सुरू झाला. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. मग १९०५ साली हिंदुस्थान सरकारने शेती संशोधन आणि शिक्षणासाठी दरसाल २० लाख रुपये बाजूला काढले, पुशाची संशोधन संस्था निघाली आणि प्रांतोप्रांती शेतकी महाविद्यालये उभी राहू लागली. पुण्याचे स्वतंत्र महाविद्यालय १९०७चे. जागा भांबुर्ड्याची. आज तिथून मेट्रो जाते आणि भांबुर्डे हे नाव फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आणि जुन्या सातबाऱ्यावर उरले आहे.

कागदांच्या दृष्टीने पाहिले तर या संस्थेचे बिऱ्हाड दोनदा हलले. पहिली अठ्ठावीस वर्षे ती एका अभियांत्रिकी संस्थेच्या पोटात होती. पुढची बासष्ट वर्षे शेतकी खात्याच्या ताब्यात. १९६९ पासून ती विद्यापीठाची झाली. शिवाय पदव्या मुंबई विद्यापीठाच्या, वरचा पत्रव्यवहार मुंबई सरकारशी, आणि लंडनला धाडलेले छापील अहवाल आज ब्रिटिश लायब्ररीत. मुलेही नुसती आपल्याकडची नव्हती. मुंबई इलाखा सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेला होता, आणि धारवाड व आणंद इथली महाविद्यालये निघाली ती १९४७ साली. तोवर गुजरात, कर्नाटक या मुलखांतल्या मुलांना शेतकीची पदवी घ्यायची तर पुणे गाठावे लागे. असे बिऱ्हाड हलताना काय होते ते आपल्याला घरच्या अनुभवावरून माहीत आहे. भांडी मोजून नेतात. पत्रांची पेटी माळ्यावर राहते.

माझे मागणे त्या पेटीचे आहे. पण आधी हे सांगतो की ती पेटी जपली तर काय होते, कारण त्याचे उत्तम उदाहरण याच महाविद्यालयाने घालून दिले आहे.

पहिले प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन. यॉर्कमध्ये १८७२ साली जन्मलेला हा रसायनशास्त्रज्ञ आधी आसामच्या चहाच्या मळ्यांवर काम करत होता, चहाच्या किडींवरचे त्याचे पुस्तक तिथलेच. पुण्याला आल्यावर त्याने जे केले ते रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने सहसा करू नये असे होते. त्याने आणि सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे या सहकाऱ्यांनी मिळून पुण्याजवळचे एक साधे गाव घेतले आणि त्याची जमीन, विहिरी, पिके, कर्ज, घरखर्च, सगळे घरोघर फिरून मोजले. गाव पिंपळे सौदागर. पुस्तक १९१७ मध्ये निघाले. आज त्याच पिंपळे सौदागरात बाविसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत कुंडीत कढीपत्ता लावलेला असतो आणि खाली पाण्याचे टँकर उभे असतात. तिथल्या रहिवाशांपैकी किती जणांना ठाऊक असेल की हिंदुस्थानातल्या खेड्याच्या अर्थशास्त्राचा जवळजवळ पहिला बारकाईचा अभ्यास आपल्या पार्किंगच्या जागेवर झाला?

त्या अभ्यासातले आकडे शेतीच्या पाठ्यपुस्तकांत शंभर वर्षे फिरत आहेत. १५६ जमीनधारक आणि त्यांच्या जमिनीचे ७२९ तुकडे. त्यांपैकी ४६३ तुकडे एकराच्या आतले, आणि ११२ तर पाव एकराच्याही आतले. १०३ कुटुंबांपैकी नुसत्या शेतीवर धडपणे जगणारी आठ. बाहेरची मजुरी धरून निभावणारी अठ्ठावीस. उरलेल्या सदुसष्टांचे काही केल्या भागत नव्हते. पुढे शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा असाच अभ्यास कानिटकरांबरोबर करून १९२१ मध्ये छापला, तेव्हा त्या कोरडवाहू गावात १४७ पैकी १२५ कुटुंबे न भागणाऱ्यांत निघाली. तुकडेबंदीचा कायदा १९४७ साली आला. त्यामागच्या चर्चांत पिंपळ्याचा आकडा किती वेळा निघाला असेल याचा हिशेब कुणी करायला बसले तर दमेल.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वेगळाच आकडा. पिंपळ्यात सरासरी जमीनधारणा १९१४-१५ मध्ये ७ एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा एकर आणि १७७१ मध्ये ४० एकर. थांबून पाहावा असा तो १७७१ आहे. थोरले माधवराव हयात आहेत, ब्रिटिशांची मोजणी अजून दोन पिढ्या दूर आहे, आणि इंग्रज प्राचार्य १९१५ साली त्या वर्षीची सरासरी सांगतो आहे. कशाच्या जोरावर? पेशवाईतल्या कुणा कुलकर्ण्याने बोरूने लिहिलेल्या कागदांच्या जोरावर. तो कागद लिहिणाऱ्याला सारावसुलीपलीकडे काही सुचले नसणार. अर्थशास्त्र हा शब्दही त्याने ऐकला नसेल. त्याने लिहिले, कुणीतरी रुमालात बांधले, ते रुमाल राजवट बदलली तरी जाळले गेले नाहीत, आणि १४४ वर्षांनी एका महाविद्यालयाला आपल्या गावाची घसरण दीडशे वर्षांच्या उतारावर मांडता आली.

आता हेच पुढे चालवा. मॅनसाहेबांची माणसे घरोघर गेली तेव्हा पुस्तकात छापले त्याच्या दसपट तरी वह्यांत लिहिले असेल. कोणाची विहीर कोणत्या सर्व्हे नंबरात, पाणी गोडे की मचूळ, मोट एक की दोन, देणे सावकाराचे की पतपेढीचे. छापील पुस्तकात बेरजा येतात, माणसे वह्यांत राहतात. आज कुणी पिंपळे सौदागरचा, जातेगावचा पुन्हा अभ्यास करायला निघाला तर त्याच्या हाती बेरजा आहेत. त्या बेरजा ज्यांतून निघाल्या ती कच्ची टिपणे ज्या दिवशी सापडतील, त्या दिवशी त्यांचे मोल सोन्यात होणार नाही. विहिरींच्या पाण्यावर मॅन यांनी १९१५च्या सुमारास स्वतंत्र पुस्तिका काढली होती. काळवथराच्या मुलखातल्या विहिरींच्या पाण्याची पृथक्करणे तिच्यात आहेत. भूजल खात्याचे आजचे आकडे शेजारी ठेवून वाचायची ती वस्तू आहे. आणि हाच माणूस ऐंशी ओलांडल्यावर, इंग्लंडात बसून, १८६५ ते १९३८ या काळातल्या दख्खनच्या पावसावर आणि दुष्काळावर पुस्तक लिहितो, ते १९५५ मध्ये मुंबईत छापले जाते. चौऱ्याहत्तर वर्षांचा पाऊस. तो कुणी मोजला? कुठल्या तरी कचेरीच्या अंगणात रोज सकाळी वाकून नळीतले पाणी पाहणाऱ्या शिपायांनी आणि कारकुनांनी. माझ्या वहीतल्या त्या दुसऱ्या रेघेच्या जातीच्या माणसांनी.

मॅन यांच्याविषयी आणखी एक सांगायला हवे, कारण ते शेतीच्या इतिहासात सहसा येत नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या पुण्यातल्या कामाशी ते जवळून जोडलेले होते, आणि पुण्यातल्या अस्पृश्य वस्त्यांवर त्यांनी १९१२ मध्ये लिहिले होते. असा प्राचार्य असलेल्या महाविद्यालयाच्या शेतावर गडी कोण होते, वसतिगृहात पंगत कशी बसत होती, अर्ज कुणाचे येत होते आणि कुणाचे घेतले जात होते? प्रवेशाची नोंदवही हे सांगेल. बापाचा धंदा हा रकाना त्या काळच्या नोंदवह्यांत सहसा असे. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी, शेतीच्या प्रदर्शनांसाठी, चांगल्या नांगरणीच्या बक्षिसांसाठी आग्रह धरला, तेव्हा पुण्यातला शेतकीचा वर्ग चार वर्षांचा होता. त्या वर्गात ‘असूड’मधल्या शेतकऱ्याची मुले किती होती, आणि सरकारी नोकरीची शिडी म्हणून आलेली किती? कोल्हापूरकडचे पां. चि. पाटील याच महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि इलाख्यातल्या पिकांचा भूगोल त्यांनी लिहून काढला, हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्यासारखे किती आले, किती अर्ध्यावर परतले, हे मात्र भाषणांतून कळत नाही. ते हजेरीपटावरूनच कळेल, आणि फुल्यांच्या नावाच्या विद्यापीठाने ते मोजून सांगितले तर त्याहून योग्य जयंती मला दिसत नाही. उत्तर गोड येईल अशी खात्री नाही, पण मोजायचे कारणही तेच आहे.

आता भाताकडे वळतो. माझी निम्मी नोकरी मावळात गेली, म्हणून हा विषय निघाला की मी जरा लांबण लावतो.

राब म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको, पण हे पत्र शहरातलेही वाचतील. रोपे टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि ते भाजायचे. पाऊस पडला की तिथे बी फेकायचे. एकोणिसाव्या शतकात साहेबांना हे फार खुपत असे. टहाळासाठी झाडे छाटली जातात, जंगल जाते, शेणखत वाया जाते, असा त्यांचा हिशेब. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्यावरून इतके पेटले की सरकारला १८८५ मध्ये जंगल आयोग नेमावा लागला. शेतकरी म्हणत होता, राब भाजल्याशिवाय रोप धरत नाही. जंगल खाते म्हणत होते, ही खोड आहे. १८८९ मध्ये आलेले डॉ. व्होएल्कर यांनी हिंदुस्थानभर फिरून हिंदी शेतकरी सरासरी ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत वरचढच आहे असा निर्वाळा दिला, तरी कचेऱ्यांतला वाद मिटला नाही.

१९१२ मध्ये मॅन, जोशी आणि कानिटकर यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या राबाच्या पद्धतीवर शास्त्रीय निबंध लिहिला. त्यांनी राबाला खोड न मानता प्रश्न नीट लावला: राबाचा गुण राखेत आहे, की जमीन तापण्यात? जमीन तापण्याचा परिणाम हा त्यांच्या तपासाचा गाभा होता. ठाण्याच्या कुळवाड्याने वर्षानुवर्षे जे तोंडी सांगितले आणि ज्यासाठी दंड भरले, त्याला प्रयोगशाळेची बाजू मिळाली. मला या कागदांत रस आहे तो याच्यासाठी. पहिल्या काळातले हे प्राध्यापक शिकवायला आले होते, पण त्यांच्या उत्तम कामाची सुरुवात शेतकऱ्याचे ऐकून घेण्यापासून झाली. नाइट या प्राध्यापकांनी उसावर आणि गुळावर लिहिले, बर्न्स आणि प्रयाग यांनी आंब्यावर पुस्तक केले. गुऱ्हाळावर काहिलीतली मळी कधी काढायची, पाक कधी उतरवायचा हे गुळव्याच्या हातात आणि नाकात होते. कुठले कलम कोणत्या बागेतले हे माळ्याच्या तोंडात होते. छापील पुस्तकात प्राध्यापकांची नावे आहेत, ती असावीतच. गुळव्यांची आणि माळ्यांची नावे असलीच तर टिपणवह्यांत, हिशेबाच्या पावत्यांत, प्रवासभत्त्याच्या बिलांत सापडतील. म्हणून मी बिलांनाही ऐतिहासिक कागद म्हणतो. लेखापरीक्षकांनी रागावू नये.

अशी नावे जपली गेली तर काय होते याचा एक सुंदर पुरावा पुण्यातच आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ मध्ये पुण्यात सुरू झाले, तेव्हा त्याच्या वनस्पतिसंग्रहाचा पाया कृषी महाविद्यालयाच्या जुन्या संग्रहावर घातला गेला. वुड्रो, गॅमी, कानिटकर, गराडे यांनी गोळा केलेल्या, कागदावर चिकटवलेल्या, वाळलेल्या वनस्पती. त्या संग्रहात एक नाव आहे भिवा. नुसते भिवा. आडनाव नाही, हुद्दा नाही. कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला, १९०१ पासून तो भागाभागाने निघाला. त्यात वनस्पती कुठे सापडली हे लिहून पुढे गोळा करणाऱ्याचे नाव येते. आणि पानापानावर दिसते: भिवा, पुढे उद्गारचिन्ह. वनस्पतिशास्त्रात त्या चिन्हाचा अर्थ असा की हा नमुना लेखकाने स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. अर्थ कोरडा आहे, हे कळते. तरी ‘भिवा!’ असे वाचले की कुणीतरी हाक मारल्यासारखे होते.

या भिवाला आपण ओळखतो ते एका कारणाने: त्याने आणलेले पान कुणीतरी फेकले नाही. वाळलेल्या पानाला वारस मिळाला, कारण पान जपायचे असते हे शास्त्रज्ञाला शिकवलेले असते. कागदाचे तसे शिकवत नाहीत. भिवा किती दिवस रानात होता, त्याला काय मिळत होते, तो कुठल्या गावचा, हे सांगणारा कागद असलाच तर तो वनस्पतीच्या कपाटात नसून आस्थापनेच्या दप्तरात असणार.

आता माझे मागणे, कुलगुरू महोदय. आपल्या सरकारी दप्तरांत कागदांचे वर्ग पाडायची जुनी पद्धत आहे: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, ‘ड’ एक वर्ष. नोकरीत मीही हे गठ्ठे बांधले आहेत. मुदत संपलेले कागद काढून टाकण्याच्या कामाला आपल्याकडे निंदणीकरण म्हणतात, आणि हा शब्द ज्याने काढला त्याला मी दाद देतो, कारण तो शेतातून आला आहे. निंदणीला बसलेल्या बाईला तण आणि पीक कोवळेपणीच ओळखता यावे लागते. बाजरीच्या ओळीत शिरलेले गवत दोन पानांवर असताना बाजरीसारखेच दिसते, आणि नवशिक्याच्या हाती खुरपे दिले की ओळ विरळ होते. कागदाचेही तसेच. १९११चा हजेरीपट नियमाने ‘ड’ वर्गातला वाटेल. रोज किती बाया आल्या ते शंभर वर्षांनी कुणाला हवे? मला हवे आहे. मजुरीचा इतिहास लिहिणाऱ्याला हवे आहे. तेव्हा पहिले मागणे हे की १९४७च्या आधीच्या कागदावर विद्यापीठात, त्याच्या कोणत्याही घटक संस्थेत किंवा शेतावर, जाणकाराने पाहिल्याशिवाय खुरपे पडू नये. महाराष्ट्रात २००५चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आहे, राज्याचे पुराभिलेख संचालनालय आहे, पुण्यात पेशवे दप्तर सांभाळणारे पुराभिलेखागार आहे. माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. मोडी वाचणारेही पुण्यात आहेत.

दुसरे, डिजिटायझेशनची घाई नको. हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. पण मी पाहिले आहे: एका ठिकाणी, नाव घेत नाही, यंत्र आले, मुले बसली, हजारो पाने खटाखट टिपली गेली, आणि नंतर त्या चित्रांना नाव द्यायचे राहून गेले. आता त्या तबकडीत काय आहे हे कळायला ती सगळी पाहावी लागते. आधी यादी हवी. साध्या वहीत, मराठीत: कपाट कोणते, गठ्ठा कोणता, काय आहे, कोणत्या सालचे. एक निवृत्त ग्रंथपाल, एक इतिहासाचा विद्यार्थी आणि एक जुना शिपाई, ज्याला माळ्यावरची किल्ली कुठे असते ते ठाऊक आहे, एवढ्यांना वर्ष दिले तर हे होईल. शिपायाला विसरू नका, तिघांत तोच महत्त्वाचा. महाविद्यालयाचे इंग्रजी नियतकालिक १९०९ पासून निघत असे. त्याचे सगळे अंक एका जागी मिळतात का, तिथून सुरुवात करता येईल.

तिसरे मागणे थोडे वाकडे आहे. यादी संस्थेप्रमाणे करा, पण तिला गावांची सूचीही जोडा. पिंपळे सौदागर, जातेगाव बुद्रुक, मांजरी, गणेशखिंड, लोणावळा, पारनेर, जिथल्या कागदात ज्या गावाचे नाव येईल ते. म्हणजे उद्या एखाद्या गावच्या शाळेतला मास्तर आपल्या गावाचे नाव काढून पाहील आणि त्याला कळेल की १९१३ साली आपल्या शिवारातल्या मातीचा नमुना पुण्याला गेला होता. हे कागद महाविद्यालयाच्या फडताळात असले तरी ते लिहिले गेले शेतकऱ्याच्या बांधावर, त्याच्या वेळात, बहुतेकदा त्याच्याच चहावर. शताब्दीच्या स्मरणिकेत प्राचार्यांचे फोटो छापून ते परत फेडल्यासारखे होत नाही. जातेगावला कुणी तरी १९२१चे ते पुस्तक घेऊन चावडीवर बसावे, १४७ कुटुंबांतली कोणती अजून गावात आहेत ते विचारावे. मी बसायला तयार आहे. जातेगावची भाकरी खाल्लेली आहे, तिखट जरा बेताचे घालायला सांगेन.

आणि शेवटी माझी वही. तिच्यावर शिक्का नाही, पहिली पाने नाहीत, तेव्हा नियमाने ती कुणाचीच नाही. रद्दीवाल्याची पावतीही नाही माझ्याकडे. आपल्या विद्यापीठात अशा बेवारस वस्तूंसाठी एखादे कपाट ठरवले असेल तर कळवावे. ठरवले नसेल तर हिच्या निमित्ताने ठरवावे. तोवर मी ती कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवली आहे, वर सुती फडके. समासातल्या मोडीच्या त्या दोन ओळी वाचणारे कुणी आपल्याकडे असेल तर मी स्वतःच घेऊन येतो. आमच्या गावाहून सकाळी साडेसहाला राहुरीवरून जाणारी एसटी आहे. पावसाळ्यात ती उशिरा येते, एवढे सांभाळून घ्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त कृषी सहायक